भाड्याने आणलेले विमान

आमच्या घरी व्हीसीआर कधीच विकत घेतला गेला नाही. शनिवारी संध्याकाळी तो कॅसेटच्या दुकानातून एका रात्रीसाठी भाड्याने येत असे, त्याच्याबरोबर तीन चित्रपट येत, आणि रविवारी सकाळी सगळे परत द्यायचे असल्यामुळे आम्ही झोपेशी झगडत ते तिन्ही संपवत असू. १९८०च्या दशकाच्या मध्यावर, अशाच एका शनिवारी, त्या तिनांपैकी एक चित्रपट बाबांनी स्वतः निवडून आणला. तो होता 'एअरपोर्ट'. सांताक्रूझच्या हँगरमध्ये बोइंग ७०७ विमानांच्या देखभालीत ज्यांची उमेदीची सारी वर्षे गेली, त्या माझ्या वडिलांनी चित्रपट निवडल्याचा मला आठवणारा हा एकमेव प्रसंग. चित्रपट संपला तेव्हा बाहेर दूधवाल्यांच्या सायकली सुरू झाल्या होत्या आणि आई केव्हाच झोपली होती. बाबा मला म्हणाले, "जरा मागे घे गं. ते विमान बर्फातून निघतंय ना, तिथपासून परत लाव."

मी कॅसेट मागे घेतली. तो प्रसंग आम्ही त्या पहाटे तीनदा पाहिला. पुढच्या आयुष्यात मी तो किती वेळा पाहिला असेन याची गणना नाही, आणि दर वेळी त्या चित्रपटाच्या पडद्यामागचे काहीतरी नवे हाती लागत गेले. आता मात्र त्या प्रसंगातल्या नटांकडे माझे लक्ष जात नाही. मी पाहते ते फक्त विमानाकडे.

'एअरपोर्ट' ५ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झळकला. आर्थर हेली यांची त्याच नावाची कादंबरी त्याआधी दोनच वर्षे, १९६८मध्ये, प्रसिद्ध होऊन प्रचंड खपली होती. युनिव्हर्सल स्टुडिओसाठी निर्माते रॉस हंटर यांनी तिच्यावर सुमारे एक कोटी डॉलर लावले, आणि त्या काळी ही रक्कम छातीत धडकी भरवणारी होती. हंटर हे झगमगीत, गुळगुळीत, सुंदर माणसांनी भरलेल्या चित्रपटांसाठी ओळखले जात. पटकथा आणि दिग्दर्शन ज्यांच्याकडे होते ते जॉर्ज सीटन जुन्या शिस्तीचे लेखक-दिग्दर्शक होते आणि पटकथेसाठी दोन ऑस्कर मिळवून बसले होते. बर्ट लँकेस्टर विमानतळाचे व्यवस्थापक, डीन मार्टिन वैमानिक, जॅकलिन बिसेट हवाई सुंदरी, जीन सीबर्ग प्रवाशांच्या तक्रारी सांभाळणारी अधिकारी, असा नटसंच जमला. कथा एका रात्रीची आहे. शिकागोजवळच्या 'लिंकन' नावाच्या काल्पनिक विमानतळावर हिमवादळ आले आहे. नुकतेच उतरलेले एक ७०७ मुख्य धावपट्टीवरून टॅक्सी-वेकडे वळताना बर्फात रुतून बसले आहे. दुसरे ७०७ रोमला निघाले आहे, त्यात एक माणूस डायनामाइटची पेटी मांडीवर घेऊन बसला आहे, आणि स्फोटानंतर जखमी झालेले ते विमान जिथे परत यायचे आहे ती धावपट्टी त्या रुतलेल्या विमानाने अडवली आहे.

चित्रीकरणासाठी खरे, चालू विमानतळ निवडण्यात आले ते मिनेसोटा राज्यातले मिनियापोलिस-सेंट पॉल. निवडीचे कारण उघड होते. मिनेसोटाचा हिवाळा अमेरिकेत दंतकथेसारखा सांगितला जातो, आणि १९६९च्या हिवाळ्यात तिथे बर्फाला काय तोटा, असाच सगळ्यांचा हिशोब होता. कलाकार, प्रकाशयोजनेचे सामान, ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रण करणारे टॉड-एओचे अवजड कॅमेरे असा सगळा लवाजमा तिथे जाऊन पोहोचला, आणि आकाश निरभ्र राहिले. ज्या वादळावर सारी कथा उभी होती ते वादळ आलेच नाही. अखेर प्लॅस्टिकचा बर्फ आणून तो उधळावा लागला. त्या विमानतळाच्या इमारतीत पुढे चित्रपटाची छायाचित्रे मांडण्यात आली तेव्हा शेजारच्या मजकुरात ही गोष्टही नोंदवली गेली. इतक्यात सीटन आजारी पडले, आणि हिवाळ्यातली बाहेरची काही दृश्ये हेन्री हॅथवे या दुसऱ्याच नामवंत दिग्दर्शकाने नाव न लावता घेऊन दिली.

मी मुंबईत वाढले. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो त्या पडद्यावरच, आणि तो खरा नव्हता हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली. कळल्यावर फसवले गेल्यासारखे मात्र मुळीच वाटले नाही, कारण ती खोटी हिमवृष्टी ज्या गोष्टीवर पडत होती ती गोष्ट शंभर टक्के खरी होती.

त्या गोष्टीचा नोंदणी क्रमांक एन३२४एफ. आपल्याकडच्या एअर इंडियाच्या ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावे दिलेली असत आणि हँगरमधली माणसे त्या नावांनीच त्यांच्याविषयी बोलत. बाबांच्या तोंडी 'अन्नपूर्णा' म्हणजे घरातली कोणी मोठी बाई असावी असा मला लहानपणी भास होई. एन३२४एफला असे काही नाव नव्हते. ते बोइंग ७०७-३४९सी जातीचे विमान होते, म्हणजे प्रवासी आणि माल यांपैकी काहीही नेण्यासाठी अंतर्रचना बदलता येणारे. मालकी होती 'फ्लाइंग टायगर लाइन' या मालवाहतूक कंपनीची. ही कंपनी १९४५मध्ये ज्यांनी काढली ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात लढलेले अमेरिकी स्वयंसेवक वैमानिक होते. कंपनीचे नावही त्या तुकडीच्याच टोपणनावावरून आलेले. त्यांच्याकडून हे कष्टाळू मालवाहू विमान भाड्याने घेण्यात आले, त्याच्या उघड्या चंदेरी अंगावर इस्रायलच्या एल अल कंपनीच्या धाटणीचा पट्टा ओढण्यात आला, वर 'ट्रान्स ग्लोबल एअरलाइन्स' हे काल्पनिक नाव आले, आणि विमान कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. चित्रीकरणासाठी ७०७ एकच होते. कथेत बर्फात रुतलेले विमान आणि संकटात सापडून परत येणारे विमान ही दोन निराळी विमाने आहेत, पण दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रंगाची आहेत, आणि कारण उघड आहे: दोन्ही भूमिका त्या एकाच यंत्राने केल्या. पडद्यावर ज्या विमानाला जागा करून देण्यासाठी दुसऱ्या विमानाला बाजूला ओढण्याची जिवाच्या आकांताची धडपड चालली आहे, ते दुसरे विमान तेच आहे. ते स्वतःच्याच वाटेत उभे आहे. हे कळले तेव्हा मी बराच वेळ काही न करता बसून राहिले. कथेतले रूपक लेखक ठरवून घालतो. हे तर पैसे वाचवण्यातून जन्मलेले होते, आणि तरीही पुढे जे घडले त्यामुळे ते कोणत्याही ठरवलेल्या रूपकाहून खोल गेले. त्याकडे मी येतेच.

बाबांनी जो प्रसंग मागे घ्यायला लावला तो जो पट्रोनी या पात्राचा आहे. जॉर्ज केनेडी यांनी रंगवलेला हा देखभाल विभागाचा प्रमुख. सिगार चघळणारा, रांगडा, घरून बोलावून आणलेला माणूस. रुतलेल्या विमानाच्या चाकांसमोरचा बर्फ खणून काढायला लावून तो स्वतः कॉकपिटमध्ये जाऊन बसतो. वेळ संपत आली आहे, परतणारे विमान जवळ येत आहे, आणि पट्रोनीला जमले नाही तर बर्फ उपसणाऱ्या यंत्रांनी हे विमान चेंदामेंदा होईपर्यंत ढकलून धावपट्टीबाहेर काढायचे असे ठरले आहे. पट्रोनी इंजिनांना पुस्तकात लिहिलेल्या मर्यादेपलीकडे ताण देतो. विमान थरथरते, करकरते, आणि सुटते. शेजारी बसलेला वैमानिक म्हणतो की पुस्तकाप्रमाणे हे अशक्य होते, त्यावर पट्रोनीचे उत्तर असे की ७०७ला सगळे काही येते, फक्त वाचता येत नाही.

त्या पहाटे या वाक्याला बाबा मोठ्याने हसले होते. तिसऱ्या वेळी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले की हे वाक्य ऐकायला छान आहे, पण हँगरमध्ये कोणी असे बोलले असते तर त्याच्या हातातून त्यांनी पाना काढून घेतला असता. मॅन्युअलमधली एकेक ओळ कोणत्या तरी अपघातानंतर तिथे आलेली असते, असे ते नेहमी सांगत. त्यांच्या कामाचे स्वरूप पट्रोनीच्या कामाच्या अगदी उलटे होते. वैमानिकाने लॉगबुकात लिहिलेला स्नॅग, म्हणजे बिघाड, वाचायचा, तो शोधायचा, भाग बदलायचा किंवा दुरुस्त करायचा, तपासायचा, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा आणि मग सही करायची. सही केल्यावर ते विमान दोनशे माणसे घेऊन उडणार आणि आपण वांद्र्याच्या बसमध्ये बसून घरी जाणार. या कामात टाळ्या कुठेच नव्हत्या. सगळे नीट झाले तर काहीच घडत नसे, आणि काहीच न घडणे हेच त्या कामाचे फळ होते.

तरीही त्यांना पट्रोनी प्रिय होता. मला कारण हळूहळू समजले. विमानावरचे इतके चित्रपट झाले, पण त्यांतला निर्णायक क्षण देखभालीच्या माणसाला देणारा चित्रपट 'एअरपोर्ट'आधी मी तरी पाहिलेला नाही. इथे वैमानिक आहेत, देखणे आहेत, धीराने विमान परत आणतात, पण ते उतरू शकतात ते जमिनीवरच्या एका माणसामुळे, ज्याच्या अंगात गणवेश नाही आणि जो बर्फात फावडे मारणाऱ्यांच्या शेजारी उभा आहे. आर्थर हेली यांनी कादंबरीसाठी विमानतळाचा जो अभ्यास केला होता तो चित्रपटातही पाझरला आहे: बर्फ काढणाऱ्या यंत्रांचा ताफा कोणत्या क्रमाने चालतो, आवाजाविरुद्ध तक्रार करणारे शेजारी, सीमाशुल्काची खिडकी, रडारसमोर बसलेली माणसे. केनेडी यांना 'एअरपोर्ट'नंतर त्याच मालिकेत निघालेल्या तिन्ही चित्रपटांत परत बोलावले गेले. चारही चित्रपटांत असलेले हे एकच पात्र, आणि ते वैमानिकाचे नव्हे तर मेकॅनिकचे म्हणून सुरू झाले होते, याचा आमच्या घरी फार अभिमान होता.

चित्रपटाचा पहिला तास मला आजही लांबलेला वाटतो. व्यवस्थापकाचे मोडकळीला आलेले लग्न, वैमानिकाचे प्रेमप्रकरण, हे सारे जुन्या धाटणीचे कौटुंबिक नाट्य आहे, आणि टेलिफोनवरची संभाषणे दाखवताना पडद्याचे तुकडे करून दोन-तीन चेहरे एकाच वेळी दाखवण्याची युक्ती पहिल्या दोन वेळांनंतर जड होते. बर्ट लँकेस्टर यांनी तर पुढे या चित्रपटाची निव्वळ रद्दी म्हणून संभावना केली. त्यांचे मत त्यांच्यापाशी. पण त्या रद्दीत हेलन हेज आहेत. तिकीट न काढता विमानात शिरण्यात पारंगत झालेली म्हातारी त्यांनी अशी काही उभी केली की त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. नायिकेसाठीचे त्यांचे पहिले ऑस्कर १९३१-३२च्या चित्रपटासाठीचे होते, आणि मुख्य व साहाय्यक अशी दोन्ही पारितोषिके मिळवणाऱ्या त्या पहिल्या अभिनेत्री ठरल्या. चित्रपटाला दहा नामांकने मिळाली होती, त्यांतले हे एकच पारितोषिकात उतरले. संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांनी कारकीर्दीत नऊ ऑस्कर मिळवली होती, पण या शेवटच्या संगीतासाठी झालेले नामांकन पाहायला ते उरले नव्हते. १७ फेब्रुवारी १९७० रोजी, चित्रपट झळकण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ते गेले. सुरुवातीच्या शीर्षकांबरोबर वाजणारी ती घाईची, ताल धरून पळणारी सुरावट ऐकताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

डायनामाइट घेऊन बसलेल्या माणसाची भूमिका व्हॅन हेफ्लिन यांची. चित्रपटगृहांसाठी त्यांनी केलेली ही अखेरची भूमिका. १९७१मध्ये ते वारले. हा माणूस कर्जात बुडालेला, नोकऱ्या गमावलेला आहे. पत्नीला पैसे मिळावेत म्हणून तो विमानतळावर स्वतःचा विमा उतरवतो आणि विमान समुद्रावर असताना स्वतःला उडवून द्यायचे ठरवतो, म्हणजे पुरावा राहणार नाही. आजच्या प्रेक्षकाला हे अतिशयोक्त वाटेल. विमानतळावर नाणी टाकून विमा मिळणारी यंत्रे, सुरक्षा तपासणीशिवाय मांडीवर पेटी घेऊन विमानात चढणारा प्रवासी, हे सारे कादंबरीकाराच्या कल्पनेतले वाटेल. पण ते तसे नव्हते. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरहून निघालेले एक विमान हवेत फुटून ४४ जण मरण पावले, तेव्हा तपासात निघाले की एका मुलाने आपल्या आईच्या बॅगेत डायनामाइट ठेवले होते आणि तिच्या नावाने विमानतळावरच विमा उतरवला होता. २२ मे १९६२ रोजी शिकागोहून कॅन्सस सिटीला निघालेल्या एका बोइंग ७०७च्या मागच्या प्रसाधनगृहात एका प्रवाशाने डायनामाइटचा स्फोट घडवला. त्यानेही निघण्यापूर्वी मोठ्या रकमेचा विमा घेतला होता. विमानाचा शेपटीकडचा भाग तुटला आणि आतल्या ४५ जणांपैकी कोणीही वाचले नाही. शिकागो, ७०७, प्रसाधनगृह, डायनामाइट, विमा. हेली यांची कादंबरी या घटनेनंतर सहा वर्षांनी आली. अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली ती १९७३च्या जानेवारीत, म्हणजे 'एअरपोर्ट' झळकून तीन वर्षे होत आल्यावर.

म्हणजे वास्तवात जे विमान वाचले नाही ते कादंबरीने आणि चित्रपटाने वाचवले. पडद्यावर स्फोटात हल्लेखोर मरतो, जॅकलिन बिसेट यांचे पात्र गंभीर जखमी होते, विमानाच्या मागच्या अंगाला भगदाड पडते, पण विमान उतरते. माणसे जिना उतरून खाली येतात. मला वाटते, लाखो लोकांनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला त्याचे एक कारण हेच असावे. त्या लोकांच्या मनात खऱ्या बातम्या ताज्या होत्या, आणि त्या बातम्यांचा शेवट इथे कोणीतरी बदलून दिला होता.

बाबांच्या मनातही एक बातमी होती. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले 'कांचनजंगा' हे ७०७ जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते, त्यामुळे ती तारीख सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या अपघाताचा देखभालीशी काही संबंध नव्हता. विमान पर्वताच्या संदर्भात नेमके कुठे आहे याविषयी वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात झालेल्या गैरसमजातून तो घडला होता. पण हे पुढे कळले. त्या दिवशी हँगरमध्ये काय झाले ते बाबांनी मला एकदाच सांगितले. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. प्रत्येकजण मनातल्या मनात मागे जात होता: त्या विमानावर आपला हात शेवटचा कधी पडला होता, कोणत्या शिफ्टला, काय केले होते, सही कोणाची होती. काही जणांनी जाऊन कागद पाहिले. ज्यांचा हात महिनाभरात पडला नव्हता त्यांनाही घरी जावेसे वाटत नव्हते. "विमान पडलं की आधी स्वतःचे हात आठवतात," असे ते म्हणाले आणि विषय बदलला.

'एअरपोर्ट'च्या यशाने एक अख्खी लाट आणली. १९७४ ते १९७९ या काळात त्याच नावाचे आणखी तीन चित्रपट निघाले आणि प्रत्येकात संकट आधीच्याहून अचाट होत गेले, १९८०मध्ये 'एअरप्लेन!' या विडंबनाने या साऱ्या प्रकाराला हसून निरोप दिला. या विडंबनाची मूळ कथा १९५७च्या 'झीरो अवर!' या चित्रपटाची होती, आणि तो चित्रपट आर्थर हेली यांनीच १९५६मध्ये लिहिलेल्या एका दूरचित्रवाणी नाटकावर आधारलेला होता. एका लेखकाने लाट सुरू केली आणि त्याच्याच जुन्या कथेने ती ओसरली.

एन३२४एफचे पुढे काय झाले हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलाच नव्हता. चित्रपट संपला की नटांचे काय झाले हे आपण विचारतो, विमानाचे विचारत नाही. जुन्या विमानांच्या नोंदी ठेवणारे लोक जगभर आहेत. प्रत्येक विमानाचा उत्पादन क्रमांक, मालक, रंग, शेवट हे सारे ते भक्तिभावाने लिहून ठेवतात. अशाच नोंदींतून एके रात्री मला ते सापडले. चित्रीकरण संपल्यावर ते आपल्या मूळच्या कामाला, म्हणजे माल वाहण्याला लागले. पुढच्या वीस वर्षांत त्याचे मालक बदलले, नोंदणी क्रमांक बदलला, खंड बदलला. १९८९मध्ये ते ब्राझीलमध्ये ट्रान्सब्राझील कंपनीसाठी माल नेत होते आणि त्याच्या अंगावर पीटी-टीसीएस हा क्रमांक होता.

२१ मार्च १९८९ रोजी ते अॅमेझॉनकाठच्या मनाऊसहून माल घेऊन साओ पावलोच्या गुआरुल्होस विमानतळाकडे आले. तिथली धावपट्टी त्या दिवशी दुपारी बारा वाजता देखभालीसाठी बंद होणार होती. बाराला काही मिनिटे कमी होती आणि त्याआधी उतरायची कर्मचाऱ्यांना घाई होती. त्या घाईत पंखांवरचे हवारोधक चुकून उघडले गेले, विमानाचा वेग गेला, ते तोलले नाही आणि धावपट्टीपासून सुमारे दोन किलोमीटर अलीकडे दाट वस्तीवर कोसळले. विमानातले तिघे गेले. जमिनीवरचे बावीस गेले.

मी ते वाचले आणि पहिल्यांदा मनात आली ती पडद्यावरची ती रात्र: बंद असलेली धावपट्टी, घड्याळाकडे पाहणारी माणसे, आणि वेळेत निसटणारे विमान. कथेत ज्या विमानाने धावपट्टी अडवली होती आणि ज्या विमानाला ती हवी होती ते दोन्ही हेच होते, आणि वीस वर्षांनी एक धावपट्टी खरोखरच बंद होत असताना ते वेळेशी झगडत आले. यात कोणतेही गूढ आहे असे मी मानत नाही. चित्रपटात वापरलेले एक यंत्र एकूण तेवीस वर्षे वापरले गेले आणि एका चुकीने पडले, इतकेच. पण त्या बावीस माणसांचा विचार मला सोडत नाही. ती विमानात बसली नव्हती. त्यांनी तिकीट काढले नव्हते, विमा उतरवला नव्हता. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती आणि ती आपापल्या घरी, गल्लीत, दुकानात होती. विमानतळाला लागून असलेल्या वस्तीत राहणे म्हणजे काय हे मी जाणते. आम्ही कलिन्यात वाढलो, उतरणाऱ्या विमानाची चाके खिडकीतून मोजत वाढलो.

आणखी एक नोंद त्याच रात्री वाचली. या मालिकेतल्या १९७९च्या शेवटच्या चित्रपटात जे काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारे प्रवासी विमान, वापरले होते त्याचा क्रमांक एफ-बीटीएससी. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून उडताना आग लागून गोनेस गावातल्या एका हॉटेलवर जे काँकॉर्ड कोसळले, विमानातले १०९ आणि जमिनीवरचे चार असे ११३ जण ज्यात गेले, ते हेच. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने त्याचे टायर फाडले होते, आणि ती पट्टी त्याआधी उडालेल्या दुसऱ्या एका विमानाच्या इंजिनाच्या आवरणावरून गळून पडली होती. ती बसवण्यात त्रुटी राहिल्याचे तपासात निघाले. कुठल्याशा हँगरमध्ये, कुठल्याशा शिफ्टला कोणीतरी ती बसवली होती.

हे सारे मी बाबांना सांगितले तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. काँकॉर्डची गोष्ट त्यांना ठाऊक होती; टायर आणि धातूच्या पट्टीविषयी त्यांनी तेव्हाच वर्तमानपत्रांतले बारीकसारीक वाचून काढले होते. पण साओ पावलोची गोष्ट त्यांनी प्रथमच ऐकली. त्यांनी मला ती पुन्हा सांगायला लावली. मग विचारले, "खालचे किती?" मी म्हटले, बावीस. त्यांनी विमानातल्यांचा आकडा विचारलाच नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तेवीस वर्षांचं होतं. म्हणजे किती जणांचे हात पडले असतील त्याच्यावर."

त्या रात्री मी त्यांच्यासाठी चित्रपट लावला. आता कॅसेट नव्हती, दुकान नव्हते, काही परत करायचे नव्हते. पहिला तास ते डुलक्या घेत होते. पट्रोनी आला तेव्हा मी त्यांना हलवून उठवले. विमान बर्फात रुतले होते, चाकांपुढचा प्लॅस्टिकचा बर्फ खणून बाजूला काढला होता, ढकलणारी यंत्रे दिवे लावून उभी होती. चारही इंजिने गर्जत होती आणि विमानाचे नाक हलत होते. बाबा पुढे सरकून बसले. या वेळी त्यांचे डोळे कॉकपिटकडे नव्हते. बर्फात उभ्या असलेल्या, ज्यांना एकही संवाद नाही अशा त्या फावडेवाल्या माणसांकडे होते. विमान सुटले, पुढे गेले, धावपट्टी मोकळी झाली, आणि त्यांनी हात वर करून मला खूण केली, मागे घे म्हणून.